दूरचा गुरू आणि जवळचे लेकरू

एखाद्या लेकरास ताप आला तर काय करावे हे गावातील बहुतेकांस ठाऊक असते. परंतु जे मूल दोन वर्षांचे झाले तरी मान धरीत नाही, ज्यास घास गिळता येत नाही, ज्यास दिवसातून दोनदा आकडी येते, आणि ज्यास नीट ऐकू येते की नाही ह्याचाही उलगडा होत नाही, अशा मुलाविषयी गाव गप्प बसते. त्याचे दुखणे एक नसून अनेक असते. एकावर उपाय करावा तो दुसरे आड येते. अशा मुलास अनेक तज्ज्ञांची गरज लागते, आणि ते तज्ज्ञ बहुतकरून मोठ्या शहरांत असतात. मूल मात्र गावात असते. ह्या दोघांची गाठ कशी पडावी हा प्रश्न वैद्यकाचा आहेच. परंतु तो नीतीचाही आहे, आणि आज वाचकांपुढे तो नीतीचा म्हणूनच ठेवावयाचा आहे.

ह्या प्रश्नास अलीकडे एक नवे उत्तर मिळाले आहे. मुलास शहरात नेणे कठीण, तज्ज्ञास गावी आणणे त्याहून कठीण. तेव्हा तज्ज्ञाचे ज्ञानच गावी पाठवावे, असे ते उत्तर आहे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, उपकेंद्रातील परिचारिका व प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर ह्यांनी ठरलेल्या वेळी मोबाईलच्या किंवा संगणकाच्या पडद्यासमोर बसावे. पुण्यामुंबईकडील तज्ज्ञ आपल्या जागेवरून बोलेल, ह्यांनी विचारावे, त्याने सांगावे. सरकारी कागदांत ह्यास दूरदृश्य प्रणालीद्वारे प्रशिक्षण असे म्हणतात. २०२० साली करोनाच्या साथीत एके ठिकाणी जमणे अशक्य झाले, तेव्हापासून ही रीत फार पसरली. कोणी म्हणतात, ही गरिबांची मोठीच सोय झाली. कोणी म्हणतात, श्रीमंताच्या मुलास डॉक्टर आणि गरिबाच्या मुलास डॉक्टरचे चित्र, हा कसला न्याय? दोघांचेही म्हणणे शांतपणे तपासून पाहिले पाहिजे.

प्रथम ही रीत कशी निघाली ते पाहू. अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात संजीव अरोरा नावाचे मूळचे भारतीय डॉक्टर तेथील विद्यापीठात यकृताच्या रोगांवर उपचार करीत. हिपॅटायटिस सी ह्या रोगाने पीडलेले लोक फार लांबून त्यांच्याकडे येत, आणि भेट मिळावयास आठ आठ महिने थांबावे लागे. २००३ साली त्यांनी उलटा मार्ग धरला. खेड्यांतील साध्या डॉक्टरांस व तुरुंगांतील डॉक्टरांस त्यांनी दर आठवड्यास पडद्यावर एकत्र आणले. व्याख्यान थोडे, मुख्य काम असे की, प्रत्येकाने आपल्या एका रोग्याची हकीकत सांगावी, सर्वांनी तिचा विचार करावा, तज्ज्ञांनी मार्ग सुचवावा, आणि पुढे काय झाले ते पुन्हा येऊन सांगावे. २०११ साली ह्या कामाचा ताळा प्रसिद्ध झाला. विद्यापीठात उपचार घेतलेल्या शंभर रोग्यांपैकी सुमारे ५८ जणांच्या रक्तातून रोगाचे विषाणू नाहीसे झाले. खेड्यांतील व तुरुंगांतील डॉक्टरांच्या हातून उपचार घेतलेल्यांतही हे प्रमाण शंभरास सुमारे ५८ च निघाले. ह्या पद्धतीस इको असे नाव आहे. पुढे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने मनोविकार व व्यसने ह्यांच्या उपचारांसाठी तिचा अवलंब केला, आणि अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाने स्वमग्न मुलांच्या उपचारांसाठी ती चालविली.

ह्यावर पहिला आक्षेप असा निघतो की, थोडे शिकलेल्या बाईच्या हाती इतके नाजूक काम देणे म्हणजे मुलाच्या जिवाशी खेळणे होय. परंतु ह्या आक्षेपाचे उत्तर असले पडदे येण्याच्या कितीतरी आधी, आपल्या महाराष्ट्रातच मिळून चुकले आहे. आपल्या सोलापूर जिल्ह्याच्या शेजारी जो जिल्हा पूर्वी अहमदनगर म्हणून ओळखला जाई व ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, त्यात जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे ह्या दांपत्याने १९७० साली काम आरंभिले. दोघेही वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेली. त्यांनी गावोगावच्या स्त्रिया आरोग्यसेविका म्हणून तयार केल्या. त्यांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कित्येक अशा की ज्यांस गावाने पूर्वी उंबऱ्याच्या आत येऊ दिले नव्हते. त्याच स्त्रिया पुढे बाळंतपण, मुलांचा आहार, अतिसार, क्षय व कुष्ठ ह्यांविषयी गावास शिकवू लागल्या. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पारितोषिक मिळाले.

तसेच गडचिरोलीत. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्यांनी ३९ गावांतील स्त्रियांस नवजात बालकांची घरी जाऊन तपासणी करण्यास, जंतुदोष ओळखण्यास व वेळ पडल्यास इंजेक्शन देण्यासही शिकविले. १९९९ साली लान्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचा वृत्तांत छापून आला. ज्या गावांत असे काम नव्हते त्यांच्याशी तुलना करता, तिसऱ्या वर्षी ह्या गावांतील नवजात बालकांचे मृत्यू शेकडा ६२ ने कमी झाल्याचे दिसले. आज आशा सेविका बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी जाऊन बाळाचे वजन घेते, ते ह्याच कामाचे फळ. तेव्हा साधी बाई हे शिकू शकणार नाही, हा आक्षेप टिकत नाही.

परंतु ह्या दोन उदाहरणांची दुसरी बाजू विसरता कामा नये. जामखेडच्या सेविका एकदा शिकवून घरी धाडून दिल्या नव्हत्या. त्या पुनःपुन्हा जामखेडास येत, मुक्काम करीत, झाले गेले सांगत, अडले ते विचारीत. आणि तेथील लोकही त्यांच्या गावी जात. गडचिरोलीतही त्यांचे काम जाऊन पाहणारे, चुकले ते दुरुस्त करणारे लोक होते. म्हणजे शिष्याबरोबर गुरूचेही पाय चालत होते. न्यू मेक्सिकोतील डॉक्टर गावी गेले नाहीत हे खरे. तरी दर आठवड्यास तेच गुरू, तेच शिष्य, आणि त्याच रोग्याची पुढील हकीकत, हा धागा तुटला नाही. ह्यावरून एवढे ठरते की, शिकविणाऱ्याचा शिकणाऱ्याशी व त्या रोग्याशी संबंध टिकला, तरच दूरचे ज्ञान फळास येते.

आता पडद्यावरून काय शिकविता येते व काय येत नाही, हेही पाहू. पुष्कळ काही शिकविता येते. ज्या मुलाच्या स्नायूंवर मेंदूचा ताबा नाही त्यास आडवे निजवून घास भरवू नये. टेकू देऊन बसते करावे, मान किंचित पुढे असावी, अन्न पाण्यासारखे पातळ नसावे, व पहिला घास गिळल्याशिवाय दुसरा देऊ नये. एरव्ही अन्न श्वासनलिकेत शिरते, आणि आई ज्यास वारंवार होणारी सर्दीखोकला समजते ते वस्तुतः छातीत गेलेले अन्न असते. तसेच आकडीचे. मुलास कुशीवर वळवावे. तोंडात चमचा किंवा बोट घालू नये. कांदा वा चप्पल हुंगविण्यात वेळ दवडू नये. घड्याळ पाहावे, आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर तत्काळ इस्पितळ गाठावे. डॉक्टरने दिलेले औषध, आता आकडी येत नाही म्हणून, आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये. जन्मतःच आत वळलेले पाऊल पहिल्या काही आठवड्यांत दाखविले तर टप्प्याटप्प्याच्या प्लास्टरने बहुधा सरळ होते. वर्षानुवर्षे वाट पाहिली तर काम अवघड होते. इतक्या गोष्टी एका सेविकेस कळल्या तरी एखादे मूल वाचते, एखादे चालू लागते. ह्या ज्ञानास तुच्छ मानणे हे त्या मुलांशी निर्दयपण होईल.

परंतु मुलाचे ताठलेले पाय किती जोराने सोडवावे, मांडीवर कसे धरले असता त्याची मान स्थिर राहते, त्याचे अंग आज कालच्याहून अधिक आखडले आहे की काय, हे हातास कळते, डोळ्यास नव्हे. ज्वारीची भाकरी थापावयास आपल्याकडची कोणती मुलगी चित्र पाहून शिकली? आईच्या वा सासूच्या हाताशी बसून, दहा भाकऱ्या मोडून ती शिकली. हात हाताजवळ शिकतो. म्हणून जे शिक्षण केवळ पडद्यावर सुरू होऊन पडद्यावरच संपते, ते ह्या मुलांपुरते अपुरेच राहील.

आता दुसरा आक्षेप, जो अधिक गंभीर आहे. गरिबास चित्र आणि श्रीमंतास माणूस, हा अन्याय नव्हे काय? ह्याचा विचार करिताना आपल्या सोलापूरची स्थिती डोळ्यांपुढे आणावी. भवानी पेठेसारख्या आपल्या पेठांच्या शहरात यंत्रमागावर राबणारे व विड्या वळणाऱ्या स्त्रिया पुष्कळ. विडी वळणाऱ्या बाईची मजुरी हजारी विड्यांवर ठरते. ज्या दिवशी हात थांबला त्या दिवशी मजुरी नाही. पुणे येथून सुमारे २५० किलोमीटर. अपंग मुलास कडेवर घेऊन तिने एक फेरी करावयाची म्हणजे प्रवासखर्च, दोन दिवसांची मजुरी, आणि घरी राहिलेल्या लेकरांची आबाळ. अशी फेरी ती एकदा करील, दोनदा करील. परंतु ह्या मुलांस वर्षानुवर्षे उपचार लागतात. करमाळ्याच्या किंवा माळशिरसच्या टोकाच्या वाडीवरून येणारीस तर सोलापूर शहरही लांबच. तेव्हा खरी तुलना घरी येणारा तज्ज्ञ आणि पडदा ह्यांची नसून, पडदा आणि अगदीच काही नसणे ह्यांची आहे. असे पाहिले असता पडद्याच्या बाजूने बोलणाऱ्याचे म्हणणे बळकट ठरते.

तथापि ‘काहीच नसण्यापेक्षा बरे’ हे वाक्य फार जपून वापरावे. गरिबाच्या शाळेस छप्पर नसले तरी, काहीच नसण्यापेक्षा बरे. गरिबाच्या वाट्यास शिळे आले तरी, काहीच नसण्यापेक्षा बरे. अशा रीतीने ह्या एका वाक्याने जगातील किती अन्याय झाकले गेले आहेत! हे वाक्य आजच्या दिवसापुरते खरे असते. त्यास कायमचे केले की ते खोटे होते. पुराच्या वेळी होडीने माणसे उतरवावी हे योग्य. परंतु होडी आहे म्हणून पूल बांधावयाचाच नाही असे कोणी ठरवील, तर त्याने होडीचाही दुरुपयोग केला. म्हणून ह्या शिक्षणाचे समर्थन करणाऱ्यास आपण एकच प्रश्न विचारावा : हे शिक्षण तज्ज्ञाच्या मार्गावर पुढे टाकलेले पाऊल आहे, की तज्ज्ञ न पाठविण्यासाठी शोधलेली सबब आहे?

ह्या संबंधात एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. स्वमग्न मुलांच्या उपचारांविषयी अशाच दूरच्या शिक्षणाची अमेरिका व कॅनडा येथील दहा वैद्यकीय केंद्रांतून कसोटी घेण्यात आली, आणि २०२० साली तिचा निकाल प्रसिद्ध झाला. शिकलेल्या डॉक्टरांचे ज्ञान वाढले होते. त्यांचा आत्मविश्वासही वाढला होता. परंतु रोग्यांचे कागद उघडून पाहिले, तेव्हा त्यांच्या प्रत्यक्ष वागणुकीत म्हणावा तसा फरक दिसला नाही. वाचकहो, ज्यांस पगार आहे, दवाखाना आहे, त्या सुस्थित देशातील डॉक्टरांची ही गोष्ट. जाणणे आणि करणे ह्यांच्यामध्ये एक दरी आहे. वेळ, साहित्य, औषध, सोबत आणि पाठपुरावा ह्यांवाचून ती ओलांडली जात नाही.

शूनेमकरणीच्या मुलाची गोष्ट आपल्या वाचकांस परिचित आहे. अलीशाने आपली काठी देऊन गेहजीस पुढे पाठविले. गेहजीने सांगितल्याप्रमाणे ती काठी मुलाच्या तोंडावर ठेविली, परंतु मूल जागे झाले नाही. गेहजीने आज्ञा मोडली नव्हती. काठीही गुरूचीच होती. पण ती आई जाणती होती. काठी पुढे गेली असताही तिने अलीशाचा पिच्छा सोडला नाही, आणि त्यास स्वतः उठून तिच्यामागे जावे लागले. काठी पुढे पाठविण्यात दोष नाही. परंतु काठी पाठवून घरी बसण्यात आहे.

येथे आपण प्रश्नाच्या मुळाशी येतो. ज्ञान देणे हे दान आहे असे आपण सहज म्हणतो. परंतु ज्ञान हे ओझेही आहे. पूर्वी आशा सेविका त्या दारावरून जात असे तेव्हा घरातील मुलाचे दुखणे तिला दिसत नव्हते. म्हणून तिच्यावर दोष नव्हता. आता तिला शिकविले आहे. आता तिला दिसते की हे मूल हाकेस वळून पाहत नाही, ह्याचा एक हात मुठीतच राहतो, ह्याचे वजन वाढत नाही. दिसल्यावर ती आईस काय सांगणार? पुढची वाट उघडी असेल तर तिचे ज्ञान आशीर्वाद होईल. वाट बंद असेल तर त्या ज्ञानाने एका आईच्या दुःखास केवळ नाव दिले, आणि एका सेविकेच्या झोपेत काटा ठेविला. आपल्या देशात २००५ पासून आशा सेविका काम करीत आहेत. त्यांस नोकरदाराप्रमाणे वेतन नाही, कामागणिक मोबदला व मानधन मिळते. जिच्या खांद्यावर सर्वांत थोडे बळ आहे तिच्यावर सर्वांत नवे ओझे टाकावयाचे, आणि त्यास प्रशिक्षण म्हणावयाचे, हे नीतीस धरून नाही.

म्हणून आमचे मत असे की, जो शिकवितो तो त्या मुलाच्या जबाबदारीत भागीदार होतो. ह्या भागीदारीची चार लक्षणे सांगता येतील. पहिले, शिकविणारा पुन्हा भेटला पाहिजे. एका दुपारचे व्याख्यान म्हणजे शिक्षण नव्हे. दुसरे, जे हातानेच शिकावयाचे त्यासाठी वर्षातून काही दिवस तरी हाताजवळ हात आला पाहिजे. तिसरे, सेविकेने मूल ओळखले तर त्यास पुढे नेणारी वाट चालू असली पाहिजे. चौथे, शिकणारीच्या वेळेचा, प्रवासाचा व मोबाईलच्या खर्चाचा भार तिच्याच पदरात पडता कामा नये. ही चारही जेथे आहेत तेथे पडदा हा न्यायाचा सेवक आहे. जेथे नाहीत तेथे तो अन्यायावरचा पडदाच होय.

आणखी एक गोष्ट राहिली. ह्या मुलांची खरी परिचारिका कोण? सेविका आठवड्यास किंवा महिन्यास एकदा येते. रात्रंदिवस उशाशी बसलेली असते ती आई, नाहीतर आजी. तेव्हा ज्ञान सेविकेपाशी थांबले तर ते अर्ध्या वाटेवरच थांबले. आपल्या सोलापुरात घरची भाषा कोठे मराठी, कोठे तेलुगू, कोठे कन्नड, कोठे उर्दू. पडद्यावरील इंग्रजी किंवा हिंदी शब्द सेविकेने मराठीत समजून घ्यावयाचा, आणि आईस तिच्या भाषेत सांगावयाचा. ह्या दोन उड्यांत अर्थ सांडू नये म्हणून शिकविणाऱ्यांनी सोपे बोलण्याचे कष्ट घेतले पाहिजेत. शिवाय आईपाशी जे ज्ञान आहे ते तज्ज्ञापाशी नाही. मूल कोणत्या कुशीवर शांत निजते, आकडी येण्यापूर्वी त्याचे डोळे कसे होतात, कोणता घास ते आवडीने गिळते, हे तिने वर्षे घालवून जाणले आहे. जे शिक्षण हे ज्ञान वर तज्ज्ञाकडेही पोचविते, ते चांगले. जे आईस केवळ सूचना ऐकणारी समजते, ते नव्हे.

आईवर दोष ठेवण्याची रीत तर गावांनी सोडूनच द्यावी. ग्रहणात बाहेर पडली, कोणी करणी केली, मागचे पाप फळास आले, असल्या बोलण्याने कित्येक घरांत अशी मुले आतल्या खोलीत लपवून ठेवितात. जन्माच्या वेळी श्वास अडणे, दिवस भरण्यापूर्वी जन्म होणे, कावीळ डोक्यात जाण्याइतकी वाढणे, अशी ह्या दुखण्यांची अनेक खरी कारणे आहेत. आणि कित्येक वेळा कारण सापडतही नाही. लपविलेल्या मुलापर्यंत कोणाचेच ज्ञान पोचत नाही, मग ते दूरचे असो वा जवळचे.

तर ग्रामस्थ बंधुभगिनींनो, आपण हे करू शकतो. २०१३ साली पालघर येथून ज्याचा आरंभ झाला तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. त्याची फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा व सरकारी शाळेत एकदा तपासणीस यावयाची असतात. पुढील तपासणी व उपचारांसाठी मुलास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवावे अशी योजना आहे, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. पथक केव्हा येणार हे विचारून ठेवा, आणि शेजारच्या घरातील मुलास त्या दिवशी अंगणवाडीत पोचवा. सेविकेच्या शिक्षणाचा दिवस असेल तेव्हा तिला शांत खोली द्या, तिच्या घरचे काम कोणी वाटून घ्या. ज्या आईस शहरास जावयाचे आहे तिच्याबरोबर एक जण जा; तिच्या मागे राहिलेल्या लेकरांस एक वेळ जेवू घाला. ह्यांतील कोणत्याच कामास तज्ज्ञाची पदवी लागत नाही.

आणि जे शिकविणारे आहेत त्यांस आमची नम्र विनंती एवढीच : आपले ज्ञान अवश्य पाठवा, ते आम्हांस हवे आहे. परंतु ते पाठवून झाल्यावर, त्या लेकराचे पुढे काय झाले, हे विचारावयास विसरू नका.